साडेआठशे फायलींची मेंढरं

इंदापूर,
१० फेब्रुवारी १९९९

चि. दादासोस थोरल्या भावाचे आशीर्वाद (जेवढे शिल्लक हायत तेवढे).

इकडं ठीक. आबांच्या डोळ्याचं म्हणशील तर उजवा गेला तो गेलाच, डाव्याला उजेड तेवढा कळतो. तुझी तब्येत विचारत न्हाय. दुसऱ्याचं दुकान मोडणाऱ्याला साधं पडसं आलेलं मी तरी कधी बघितलं न्हाय.

तुझी सीडी पोचली. वालचंदनगर ते इंदापूर एष्टीनं असा कितीसा रस्ता, पण सख्ख्या भावानं ती कंडक्टरच्या हाती धाडली, वर चिठ्ठी एका ओळीची, की भाऊ, सगळे गेम ह्यात हायत. सगळे! अरे, स्टँडासमोर आपल्या गाळ्यात सात वर्षं उभं होतं ते व्हिडिओ गेमचं मशीन. माझ्यापेक्षा उंच, लाल विमानाचा गेम, दोन दांडे, दोन खेळाडू. दिवाळीनंतर मी आबांना डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला घेऊन गेलो, अन् परत येऊन बघतो तर मशीनच्या जागी फरशीवर चौकोनी डाग. तू ते भंगारवाल्याच्या टेम्पोत घातलेलं. तीन महिने तोंड दाखवलं न्हाईस अन् आता ही थाळी पाठवतोस (थाळी तरी कसली, मधी भोक). बैल विकायचा अन् गोठ्यात बैलाचा फोटो लावायचा, त्यातली गत.

तरी लावली. गाळ्यात आता तुझ्या मनिषावहिनीचा टायपिंगचा क्लास चालतो. तिथला कॉम्प्युटर सकाळी पोरी यायच्या आत मला मिळतो, तोही उपकार केल्यासारखा. उघडून बघतो तर साडेआठशे फायली, अन् एकीचं नाव धड न्हाय. आठ अक्षरांत इंग्रजी कोंबलेलं, शेपटीला झिप. आता आपल्या गेमचं खरं नाव ना तुला म्हाईत, ना मला (मुंबईहून आणला तवाच पाटी फुटकी होती, अन् पेंटरनं तिच्यावर 'सर्जा' रंगवून टाकलं). म्हंजे साडेआठशेतनं एक वळखून काढायचा, तोही एकेक चालवून.

मग मी धनगराचं पोरगं करंल तेच केलं. कळप समोर आला की आधी लहान-मोठं येगळं करायचं. मोठ्या फायली एका फोल्डरात, बारक्या दुसऱ्यात. मोठी मेंढरं चरायला, कोकरं वाघरात (वाघर म्हंजे जाळीचं कुंपण, क्वार्टरमधी राहून तू इसरला असशील म्हणून सांगतो). आठ दिवस हेच. बोटं सुजली. मनिषा म्हणाली, एवढं ध्यान दुकानात घातलं असतं तर... पुढचं लिहीत न्हाय, तुला आयतं कोलीत मिळंल.

मोठ्या फायली चालल्या. मारामाऱ्या, मोटारी, चिनी पत्ते, सगळं निघालं, लाल विमान न्हाय. मग बारक्या घेतल्या. नाव टाईप केलं की काळ्या पडद्यावर यादी, हे सापडलं न्हाय, ते सापडलं न्हाय. एक उठंल तर शपथ! मला वाटलं, भावानं जाणून-बुजून रोगट माल गळ्यात मारला. तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं बारकं पुसून टाकायला बटनावर बोट ठेवलं होतं.

आबा शेजारी स्टुलावर होते. (दिसत न्हाय, तरी रोज गाळ्यात येऊन बसत्यात. सात वर्षांची सवय.) काय झालं म्हणाले. मी म्हणालो, मोठी चालत्यात, बारकी उठतच न्हाईत. तर म्हातारा म्हणतो, "दिवसा येगळी ठिवलीस, ते बरं केलंस. पर सांजच्याला आयांना पाजाय लावलीस का न्हाय?"

दादासो, तिथंच डोक्यात उजेड पडला. बारक्या फायलीत गेम अर्धाच असतोय, बाकीचा तिच्या आईच्या, म्हंजे मोठ्या फायलीत. दोघी एका फोल्डरात असल्या तरच बारकी चालती. तू शिकलेला, फॅक्टरीत कॉम्प्युटर हाताळणारा, तुला चिठ्ठीत आणखी एक ओळ लिहिता आली न्हाय, अन् ज्यानं आयुष्यात कीबोर्डला हात लावला न्हाय त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. सगळी एकत्र सोडली, अन् एकेक उठाय लागलं. चौथ्या दिवशी एका बारक्या फायलीतनं नुसता आवाज आला तर आबाच वरडले, "हेच! हेच आपलं इमान!"

ह्यात तुझा काडीचा उपकार न्हाय. गेलेलं मशीन गेलं, अन् भाऊही त्याच टेम्पोतनं गेला असं मी धरून चाललोय. माझ्या गाळ्याची पायरी चढू नकोस. कळावे, लोभ होता.

तुझा थोरला,
सर्जेराव

ता. क. : नदीवरचा पूल एकट्याला पार होत न्हाय. निळं विमान पुढं जाऊन तोफा अंगावर घ्यायचं तवा माझं लाल सुटायचं, ते काम तुझं होतं. सध्या निळ्याच्या बटनावर आबांना बसवतो. मिनिटात मरत्यात अन् म्हणत्यात, दादासो असता तर.

आणखी एक : मशीन भंगारात घातलंस, पण त्याचे दोन्ही दांडे काढून कपाटात ठेवलेस, असं तुझ्या बायकोनं, सारजानं, मनिषाला सांगितलंय. ते मला पायजेत. कीबोर्डला तारा तुझ्याशिवाय कुणाला जोडता येत न्हाईत. कंडक्टरबरोबर पाठवू नकोस.

शेवटचं : पुण्याला निघताना मशीन तीन दिवस बंद पडलेलं होतं, अन् एष्टीत पाय ठेवता ठेवता 'घाल ते भंगारात' असं मीच बोललो होतो, रागात. उभ्या जन्मात माझी एक गोष्ट ऐकली न्हाईस, अन् नेमकी तीच ऐकलीस.