टिल्लूचं बजेट

९ फेब्रुवारी, रविवार
टिल्लूचं बजेट पुन्हा कोलमडलं. नव्या वर्षात ठरवलं होतं, महिन्याला ऐंशी डॉलर, वर एक सेंट नाही. आज नऊ तारीख आणि ऐंशी संपलेसुद्धा. खाणं महाग झालंय. शिवाय पिंजऱ्यातला झोपाळा साहेबांनी कुरतडून ठेवला, तो नवीन.

शेजारचं कुटुंब इंडियाला परत जाताना हा फेरेट, मुंगसासारखा लांबुळका प्राणी, पिंजऱ्यासकट देऊन गेलं. फुकट म्हणून मी आणि श्री, नवराबायको दोघंही भुललो. लेक इरा दहा वर्षांची, तिला काय, ती नाचलीच.

सकाळी आईचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. तिच्या लेखी हे मुंगूस, आणि मुंगसाचं दर्शन शुभ. माझ्याशी जेमतेम दोन वाक्यं, मग "फोन त्याच्यासमोर धर." दर्शन झालं, कॉल बंद.

१५ फेब्रुवारी, शनिवार
टिल्लूच्या शेपटीचे केस गळतायत. श्री त्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. साधी कुत्र्यामांजरांची डॉक्टर चालत नाही, 'एक्झॉटिक'वाली लागते. तो शब्द आला की फी दुप्पट. निदान: कुठल्याशा ग्रंथीचा आजार, या प्राण्यांत नेहमीचा म्हणे. कातडीखाली औषधाचं इम्प्लांट बसवायचं. चारशे साठ. असर ओसरला की पुन्हा चारशे साठ.

म्हटलं, नाही परवडत. श्रीचं वर्क परमिट रिन्यूअलला जाऊन अडकलंय, ऑगस्टपासून घरी आहे. एका पगारात काय काय करायचं? तो टिल्लूला मांडीवर घेऊन बसून राहिला. दिवसभर घरात त्या दोघांना एकमेकांचीच सोबत.

इम्प्लांट बसवलं. माझ्या दाढेचं काम पुढे ढकललं. सध्या डाव्या बाजूने चावायचं नाही, एवढंच.

२० फेब्रुवारी, गुरु.
न्यू जर्सीत फेरेट पाळायला परमिट लागतं. टिल्लूचं रिन्यू होऊन आज पोस्टाने आलं. श्रीने ते फ्रिजवर लावलं. "घरात एकाचं तरी झालं." हसला. मला हसू आलं नाही.

६ मार्च, गुरु.
क्लायंटने प्रोजेक्ट गुंडाळला. मॅनेजरचा कॉल. "मेधा, कॅलिफोर्नियात, सॅन होजेला एक जागा आहे. ऑनसाइट, एक वर्ष. बाकी कुठेच काही नाहीये यार, मी सगळीकडे विचारलं." सतरा तारखेला, सोमवारी, उत्तर द्यायचं.

बाकी कुठे काही नाही म्हणजे काय, ते त्यालाही ठाऊक, मलाही. नोकरी गेली की माझा व्हिसा गेला, आणि माझ्या व्हिसावर श्री आणि इरा. मग शिफ्टिंगचा हिशोब मांडत बसले. आकडे मांडले की मला जरा बरं वाटतं. तिकडची भाडी बघून तेही वाटेनासं झालं.

८ मार्च, शनि.
श्री मूव्हर्सशी फोनवर बोलत होता. पलीकडच्या बाईने विचारलं, पेट्स? हा मोठ्या कौतुकाने, फेरेट! ती म्हणाली, सर, कॅलिफोर्नियात फेरेट ठेवता येत नाही. कायद्याने बंदी आहे.

खोटं वाटलं. शोधलं. खरंय.

टिल्लूला घेताना मी सगळं मांडलं होतं. पिंजरा, खाणं, लस, डॉक्टर, आम्ही गावाला गेलो तर सांभाळणाऱ्याचे पैसे. आणि राज्य? प्रोजेक्ट हलला की बिऱ्हाड हलवणारी माणसं आम्ही, आमचं हे चौथं राज्य. पाचव्यात हा चालेल का, हे बघायचं सुचलं नाही. स्वतःचाच राग येतोय.

श्री : "गुपचूप नेऊ. कोण बघायला येतंय?"
मी : "उद्या कुणी तक्रार केली तर? व्हिसा माझा आहे, श्री. मुंगसापायी?"
जोरात बोलले. इरा जिन्यात उभी होती.

११ मार्च, मंगळ.
एका शेल्टरला फोन केला. घेतात, पण आजारी फेरेटला घर मिळेलच असं नाही म्हणाले. वर देणगी अपेक्षित. म्हणजे सोडायचेही पैसे.

इरा दोन दिवस बोलत नाहीये. आज एवढंच : "यू ऑलरेडी डिसायडेड." नाही गं, ठरवायला आधी हातात काही असावं लागतं. पण हे तिला मराठीत नीट सांगता आलं नाही, इंग्रजीत तर मुळीच नाही.

जेवताना श्री म्हणाला, "तू एकटी जा. आम्ही तिघं इथे राहतो."
मी म्हटलं, "दोन दोन भाडी कुठून भरायची?"
तो उठून गेला. भांडी घासताना लक्षात आलं, मी फक्त भाड्याचंच बोलले. तो म्हणाला होता, तू एकटी जा.

१३ मार्च, गुरु.
श्रूजबरीच्या नलूकाकूंना फोन केला, टिल्लूला वर्षभर ठेवाल का. तिकडे फेरेट चालतो, हे या वेळी आधी बघितलं. काका-काकू दोघंही रिटायर्ड डॉक्टर, मुलं दूर, घर मोठं. काकू लगेच म्हणाल्या, आणा. मी म्हटलं, दरमहा पैसे पाठवीन. "वेडी आहेस का?" पण मागून काकांचा आवाज आला, "नलू, एक वर्ष. आपली वयं बघ."
फोन ठेवल्यावर रडले. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

१५ मार्च, शनि. श्रूजबरी
पोचलो. टिल्लू वाटभर झोपला. इरा त्याचा पिंजरा धरून मागे बसली होती.

काकूंनी साबुदाण्याची खिचडी केली होती. इरा चार घास खाऊन उठली आणि काकूंना सगळं समजावून सांगायला लागली. खाणं कधी, पाणी कसं, नखं कशी कापायची. काकू चष्मा लावून ऐकत होत्या. मग तिने आपली बॅकपॅक उघडली. मला वाटलं, टिल्लूची खेळणी. आत तिचे कपडे. टूथब्रश. शाळेची दोन पुस्तकं.
"काकू, इथली स्कूल बस कुठे थांबते?"
काकू हसल्या. मीही हसले.
"आय ॲम नॉट जोकिंग, आई. वन इयर. टिल्लू इथे, तर आय स्टे."
काका म्हणाले, "अगं बाळा, आईबाबांशिवाय..." आणि श्रीकडे बघून थांबले. श्री खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं तो म्हणेल काहीतरी. त्याला वाटलं असेल मी म्हणेन.

काकू शेवटी म्हणाल्या, आजची रात्र राहू दे तिला, उद्या बघू. वरच्या खोलीत गादी घातली. परवा मॅनेजरला मेल करायचाय. हो असंच लिहायचंय, दुसरं काय लिहिणार?

संध्याकाळचे सात वाजतायत. जेवायला बोलवायला वर जाऊन आले. इरा आत टिल्लूला घेऊन बसलीय, त्याच्याशी बोलताना ऐकू आली. दार आतून बंद आहे.