नवशीबाईंची लाल नागली

२ जून, सकाळी ७.
रेल्वेतून रिटायर होऊन तीन महिने. आज निर्णय पक्का : नागली, म्हणजे आपली नाचणी. पाणी कमी, खत नको, कॅल्शियम भरपूर. क्लायमेट कितीही बिघडो, हे पीक तगणार. वेवजीला आपले दहा गुंठे आणि दोन खोल्या आहेतच. सुनंदाने विचारलं, तुम्ही नागलीची भाकरी तरी खाता का? इन्व्हेस्टर वेगळा आणि खाणारा वेगळा, हे बायकोला कसं समजावणार.

५ जून.
पाड्यावरच्या नवशीबाईंकडे जुनं लाल बियाणं आहे. आता दुसऱ्या कुणाकडेच उरलं नाही म्हणे. अर्धंच देत होत्या. उंदरांनी खाण्यापेक्षा सायंटिफिक हातात द्या, असं समजावलं. सगळं दिलं. दिवाळीला दुप्पट परत, हा माझा शब्द.

१६ जून.
मजूर सुक्या म्हणाला, आधी रोपं करू, मग लावणी. सगळं बी थेट फेकून पेरलं. वेळ वाचला.

१४ जुलै.
शेत हिरवंगार! सुक्या दोन रोपं घेऊन आला. एक नागली, एक गवत म्हणे. मला तर दोन्ही सारखीच दिसली. म्हणजे फरक त्यालाच कळत नाही. घरी पाठवलं. खुरपणी स्वतः केली. मरतुकडी रोपं उपटली, जोमदार ठेवली. कंबर गेली.

२५ ऑगस्ट.
डहाणूला पेन्शनर मंडळात भाषण : 'पोषणात गुंतवणूक'. टाळ्या. पुतण्या गौरवने पाकिटाचं डिझाइन पाठवलं. 'वेवजी रेड'. छान.

२९ सप्टेंबर.
कणसं फारच बारीक. प्रीमियम व्हरायटी असणार. नवशीबाईंना पीक बघायचंय. शेतात साप आहे, असं कळवलं.

१२ ऑक्टोबर.
पुन्हा निरोप. आता दोन साप आहेत, असं कळवलं. बाजाराला जाताना त्यांचा पाडा टाळून लांबून जातो. व्यायाम होतो.

२६ ऑक्टोबर, सकाळी १०.
नवशीबाई काठी घेऊनच आल्या. शेतात शिरल्या. एक कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली. हातावर दाणा म्हणून राहिला नाही. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. हळूच म्हणाल्या, सायेब, हे तर गवतच हाय. मग विचारलं, मूठभर बी घरात ठेवलं असंल ना? मी हो म्हणालो.

१०.२०.
ओट्यावर बसल्या आहेत. आणा, बघून जाते, म्हणाल्या. सुनंदाने चहा दिलाय. मी आतल्या खोलीत. या खोलीला दुसरं दार नाही.