संकर बाहेर, निवड आत

९ फेब्रुवारी

हेडमास्तर आज पाऊण सभा बोलले आणि माशाबद्दल एक धड वाक्य नाही! हेडमास्तर म्हणजे आमच्या हौशी मत्स्यपालक मंडळाचे अध्यक्ष. शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला, पण समोर चार खुर्च्या दिसल्या की वर्ग भरतो.

कारण एवढंच की शिवणकामवाल्या बाई सभासद व्हायला आल्या. सोबत झाकणाची बरणी, बरणीत दोन मासे. प्लॅटी आणि तलवारीसारख्या शेपटीचा स्वोर्डटेल, अशा दोन जाती एका टबात ठेवून झालेली पैदास. अंग लाल, शेपूट काळी, आणि शेपटीची तलवार अर्धी येऊन थांबलेली — कापड कमी पडल्यासारखी. लाल तरी किती? रस्त्यात उभे केले तर गाड्या थांबतील. मला बघवेना.

हेडमास्तरांनी चष्मा खाली घेतला. "जात कोणती म्हणायची?"

"माझी," बाई म्हणाल्या.

"आणि मूळ ठिकाण?"

"बाल्कनीतला टब."

मी मोठ्यांदा हसलो. एकटाच. खजिनदार हसणार होते, पण आधी त्यांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हा माणूस शिंकसुद्धा विचारून देत असेल.

निर्णय — संकराबाबत मंडळाचा नियम होईपर्यंत बाईंचा अर्ज बाजूला. बाईंनी बरणीचं झाकण लावलं, म्हणाल्या, "लावा की नियम. तोवर यांना भूक लागेल, मी निघते."

११ फेब्रुवारी

बाईंचं धैर्य आवडलं, मासे नाही आवडले. दोन्ही गोष्टी लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच माझ्याशी गोड बोलेन.

मला संकर पटत नाही ते माझ्या भुऱ्यांमुळे. करंगळीएवढा मासा, रंग चहाच्या चोथ्याचा. दुकानात ठेवला तर लोक टाकी रिकामी समजतील. गावाबाहेरच्या झऱ्यात होते. तिथे गोदाम उठलं. गोदामाच्या ऑफिसला काचा बसवायचं काम माझ्याकडे — तेव्हा मी सायकलवर खिडक्यांच्या काचा वाहणारा पोऱ्या, 'काचशेठ' वगैरे कोणी म्हणत नव्हतं. झऱ्यात राडारोडा पडताना पाहिला. पुट्टीच्या डब्यात जेवढे मावले तेवढे भुरे उचलले. आता ते फक्त माझ्याकडे, आणि मी मंडळात ज्यांना ज्यांना जोड्या वाटल्या त्यांच्याकडे. त्यांच्यात एकदा चुलत नात्यातला दुसरा मासा — प्लॅटी म्हणा, स्वोर्डटेल म्हणा — शिरला की संपलं. दुधात पडलेलं पाणी परत काढता येत नाही.

हेडमास्तरही शुद्ध शुद्ध करतात. पण कान देऊन ऐकलं की कळतं, त्यांना शुद्ध मासा नको आहे, कुणाला तरी अशुद्ध म्हणायची सोय हवी आहे. त्यांच्या बाजूला बसायची वेळ यावी! पण खुर्ची तीच आहे, काय करणार?

१८ फेब्रुवारी

हेडमास्तरांकडे गळती काढायला गेलो. दिवाणखान्यातली मोठी टाकी, खालच्या कोपऱ्यात सिलिकॉन सुटलेलं. टाकीत त्यांचे लाडके गोल्डफिश — डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या लोंबणारे. वर बघतात. पुढचं दिसत नाही, काचेवर आपटतात. एकाची पिशवी फुटली होती. "पिढ्यान् पिढ्यांची निवड आहे ही," हेडमास्तर म्हणाले. अभिमानाने! बिचाऱ्याला समोरचा दाणा सापडत नाही.

मी टाकीखाली आडवा. टाकीखाली माणूस असला की लोक विसरतात की त्याला कान आहेत. आतल्या खोलीत हेडमास्तर फोनवर — "अहो, ही बाई आली की उद्या कोणीही येईल. मासे काय, निमित्त आहे."

बाहेर आल्यावर विचारलं, "सर, निवड आणि संकर, फरक काय नक्की?"

"काचशेठ, निवड आपल्या घरातल्या घरात होते. संकर म्हणजे बाहेरचं."

"म्हणजे डोळे गेले तरी चालतील, घरातलेच गेले पाहिजेत."

त्यांना कळलं नाही. त्यांच्या बायकोने आतून चहा पाठवला तो मात्र झकास होता. हेडमास्तरीणबाई या घरात वाया गेल्या.

२३ फेब्रुवारी

मोठ्या भुऱ्या मादीला आज पिल्लं झाली. चार. पूर्वी टाकी धुकं आल्यासारखी भरून जायची.

पाणी गार असेल.

२ मार्च

नियमाची सभा. कार्यकारिणीचे आम्ही पाच. बाई आपल्या अर्जाचं काय होतं ते ऐकायला मागच्या खुर्चीत, मांडीवर कुणाचा तरी ब्लाऊज, हातशिलाई चालू.

मी उपसूचना मांडली — संकर बाहेर, आणि ज्या निवडीने मासा आंधळा, लुळा, तोंड न मिटणारा होतो तीही बाहेर. मग हेडमास्तर म्हणाले, "काचशेठ भावनेच्या भरात बोलतात." खजिनदारांना लगेच भावना दिसली. उपसूचनेला एक मत. माझं.

मग मूळ ठराव. संकर बाहेर, निवड आत. वा! रेघ अशी आखली की हेडमास्तरांच्या सगळ्या टाक्या बरोबर आतल्या बाजूला आल्या. भूमिती शिकवायचे म्हणे.

हेडमास्तर आणि खजिनदार बाजूने. दोघे तरुण सभासद विरुद्ध — त्यांचं म्हणणं, बाई आपला मासा संकर म्हणून सांगतात, शुद्ध म्हणून खपवत नाहीत, मग फसवणूक कुठे? म्हणणं खोटं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

बाईंचे मासे वाईट नाहीत. पण मंडळाने एकदा दार उघडलं की प्रत्येक टबातून नवीन रंग येणार, पिल्लं घरोघर जाणार, आणि दहा वर्षांनी एखाद्याला खरा मासा दाखवायचा तर चित्र दाखवावं लागेल. मला हे मनापासून वाटतं. हात वर केला.

बाईंनी दातांनी दोरा तोडला. जाताना माझ्यापाशी थांबल्या. "काचशेठ, तुमचा हात खरा होता, त्यांचा सोयीचा. पण वर गेले की दोन्ही सारखेच दिसतात."

हेडमास्तरांनी नंतर माझ्या पाठीवर थाप मारली. शर्ट धुवायला टाकला.

१५ मार्च

ही सहसा माझ्या टाक्यांकडे बघत नाही. आज झाडताना थांबली. "अहो, हे असे कमरेत का वाकलेत?"

"कुठे? पोहतात तसेच."

"मला काय कळतंय! पण सासूबाई शेवटी शेवटी अशा चालायच्या."

ती गेल्यावर बत्ती जवळ धरून पाहिलं. सात भुऱ्यांच्या पाठीला बाक. नर दोनच, त्यातला एक वाकलेला, मादीमागे जातो आणि वाटेतच वळतो.

पाणी गार नव्हतं. मला फेब्रुवारीतच माहीत होतं. पुट्टीच्या एका डब्यातून किती वर्षं निघणार? आईबाप, भावंडं, चुलते, सगळे तेच. घरातल्या घरात! हेडमास्तरांना हसलो होतो ना मी टाकीखालून.

१६ मार्च

पण मी ज्यांना जोड्या दिल्या त्यांच्याकडे वेगळे वाढले असतील. त्यांच्यातले चार नर आणले की रक्त थोडं तरी हलेल. उद्यापासून दारोदार.

१७ मार्च

खजिनदार. दार उघडून आधी मागे बघितलं, घरातही कोणाची तरी परवानगी लागते वाटतं.

"भुरे? ते... ते मॉली माशांच्या टाकीत टाकले होते हो. दिसायचे नाहीत ना, रंगच नाही. मग बोक्याने टाकी पाडली."

बोक्याने बरी पाडली. मंडळाचा खजिना याच्या हातात आहे.

दोघा तरुणांपैकी एकाकडचे गेल्या उन्हाळ्यात वीज गेली तेव्हा मेले. त्याने सांगताना मान खाली घातली. दुसऱ्याला मी दिलेच नव्हते — पोरकट वाटला म्हणून. शाबास काचशेठ!

२० मार्च

हेडमास्तर शेवटचे ठेवले होते. सगळ्यांत जास्त जोड्या यांनाच दिल्या, वंश टिकावा म्हणून. वार्षिक अंकात यांनीच छापलं होतं — 'आमच्या मंडळाने जपलेला दुर्मीळ ठेवा'. मी कात्रण काढून ठेवलं होतं, इतका बावळट.

"सर, भुऱ्यांचे दोन नर द्याल?"

"कुठले भुरे?"

"'दुर्मीळ ठेवा'. तुमच्या अंकातला."

आठवलं त्यांना. हसले! "अहो, ते होय! माझ्या ऑस्करला फार आवडायचे. जिवंत खाद्य द्यावंच लागतं त्याला, रंग खुलतो. अजून असतील तर पाठवा की."

ऑस्कर म्हणजे तळहाताएवढा खादाड मासा. मागच्या खोलीत आहे. खरंच चकाकत होता. हेडमास्तरांसारखाच खालचा ओठ.

आयुष्यभर जिभेवर धंदा केला, गिऱ्हाईक चढलं तर हसवून खाली उतरवलं. आज नुसती चप्पल घातली. त्यांच्या टाकीचं सिलिकॉन मी जीव ओतून भरलं होतं. गळणार नाही ती, दुर्दैवाने.

२ एप्रिल

सरळ पाठीचा नर सकाळी तळाशी. फुलझाडाच्या कुंडीत पुरला. ही शेजारी उभी राहिली.

वाकलेला काही उपयोगाचा नाही. पण या माद्यांची एक करामत आहे — नर गेला तरी त्याचं बीज पोटात राखून ठेवतात, पुढे दोन-तीनदा पिल्लं टाकतात. म्हणजे आशा आहे. माद्या चांगल्या आहेत, दोन तर अगदी ताठ.

६ मे

तीन झाली.

९ मे

तिन्ही वाकडी. एक वर येऊ शकत नाही, तळाशी फिरत राहतं.

११ जून

पुन्हा वाट पाहिली. या खेपेला काहीच नाही. मंडळाचं पत्र आलं — प्रदर्शनात 'शुद्ध वंश' विभागात माझे भुरे पहिल्या टेबलावर हवेत, हेडमास्तर स्वतः माहिती सांगणार. काय सांगणार? चवीला कसे लागतात?

ही म्हणाली, "पिल्लं झालीच नाहीत तर काय कराल?"

"वाट बघेन. माद्या म्हाताऱ्या होतील. जातील."

"शुद्ध जातील," ती म्हणाली. टोमणा नव्हता. नुसतं म्हणाली, आणि भाजी चिरायला लागली.

१४ जून

शिवणकामवाल्या बाईंकडे गेलो. दुकानात मशीनचा आवाज, म्हणून ओरडून बोलावं लागलं — "बाई, एक नर द्याल?"

मशीन थांबलं. "कशाला हो?"

"स्थळ बघतोय."

बाई हसल्या नाहीत. बाल्कनीत गेल्या, टबात जाळी फिरवली, एक सोडला, एक सोडला, आणि सगळ्यांत लाल तोच काढून दिला. "पाठ सरळ आहे. उडी मारतो, झाकण ठेवा."

भुऱ्यांच्या टाकीत सोडला. झाकण ठेवलं.