तळाशी एकशे आठ नावं

३ एप्रिल, दुपार
आज आले ते: वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, महिनाभरासाठी. त्यांच्या बॅगा तीन, हमाली चाळीस. पोहण्याचा पूर्ण बाह्यांचा पोशाख, सहाशे. रबरी टोपी, नव्वद, केस उपटते. तलावाची वर्षाची वर्गणी मुलाने परस्पर भरली. आकडा सांगत नाही, म्हणजे रडण्यासारखा असणार. डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांना पाण्यातला व्यायाम सांगितलाय. पैसे परत मिळतात का, हे खिडकीतल्या बाईंना अर्धा तास सगळ्या बाजूंनी विचारून पाहिलं. मिळत नाहीत. मागची रांग उगाच खोकत होती.
संकल्प: बोलणं कमी. तशी मी मोजकंच बोलते.

५ एप्रिल
वन्सं फार बोलतात. सकाळी म्हणाल्या, चहा छान झालाय. दुपारी पुन्हा काहीतरी म्हणाल्या. माझं देवाच्या एकशे आठ नावांचं पठण कित्येक वर्षांत एका बैठकीत पुरं झालेलं नाही. चाळिसाव्या नावाच्या आसपास कोणीतरी मध्ये येतंच. आज वन्संनी विचारलं, जरा हळू म्हणतेस का? झालं. पुन्हा पहिल्यापासून. शिवाय त्यांना नामाचं महत्त्व समजावून सांगावं लागलं, त्यात जेवणाची वेळ टळली. यांच्या कानातलं यंत्र नेमकं तेव्हाच बंद पडलं. दुरुस्तीला दिलं. दुकानदार म्हणतो, यंत्रात काही बिघाड नाही. लबाड दिसतो.

८ एप्रिल, सकाळी
तलाव. शिडी धरून डोकं बुडवलं, आणि काय सांगू. ना वन्सं, ना मिक्सर, ना शेजारचं कुत्रं. देवानेच ही जागा दाखवली. नवा संकल्प: तळाशी बसून एकशे आठ नावं. मध्ये यायला तिथे कोण येतंय?
शिकवणाऱ्या सरांना योजना समजावली. तरुण आहेत, अबोल. म्हणाले, एका श्वासात दहासुद्धा होणार नाहीत. मी म्हटलं, बरं, अकरा. कानात पाणी जाऊ नये म्हणून ते रबरी बोळे घालतात. पाण्यात मात्र उतरत नाहीत. काळजी घेणारा मुलगा आहे.

१२ एप्रिल
तळ काही लागत नाही. बुचासारखी वर येते. सर म्हणतात श्वास सोडा. मी म्हणते, सोडला तर नावं कशावर घेऊ?
आज घरून वरवंटा नेला, टॉवेलात गुंडाळून. काखेत धरून उतरले. गेले खाली, टेकले. पहिलं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि अर्धा तलाव आत आला. वरवंटा सुटला, फरशीचा टवका उडाला. दंड दोनशे, पावती घेतली. सरांना कपड्यांसकट उडी मारावी लागली. बाहेर काढून म्हणाले, मावशी, मनातल्या मनात म्हणा की. मी म्हटलं, मनातलं देवाला ऐकू जातं यात शंका नाही, पण मला ऐकू आलं नाही तर मी मोजू कसं? सर ओला मोबाइल झटकत राहिले.

१५ एप्रिल
घरी सराव. भाजी निवडून होईपर्यंत तोंड मिटायचं. दोन काड्या झाल्या. पण भाजी केवढ्याला पडली हे कोणाला तरी सांगणं भागच होतं. वन्सं ऐकता ऐकता डुलक्या घेतात. वय.

२० एप्रिल
वन्संना तलाव दाखवायला नेलं, पाहुण्यांचं तिकीट पन्नास. वाटलं, काठावर बसतील. त्यांनी तिथलाच पोशाख भाड्याने घेतला, माझी टोपी मागितली, श्वास सोडला आणि सरळ खाली गेल्या. तळाशी मांडी घालून बसल्या. सर म्हणाले, याला म्हणतात बसणं. मला त्यात विशेष काही दिसलं नाही. मी काठावरून सूचना देत होते, पाठ ताठ ठेवा वगैरे. वर यायच्या, दम घ्यायच्या, की पुन्हा खाली. बाहेर आल्या तेव्हा चेहरा असा की देवळातून आल्यात.
म्हणाल्या, "अगं, खाली काय शांत आहे. आल्यापासून आज पहिल्यांदा कानांना विसावा मिळाला."
मी म्हटलं, हो ना, घरात यांचा टीव्ही फार मोठा असतो.
वन्संनी डोकं पुसलं. "टीव्ही नव्हे गं. तू."
थट्टेखोर आहेत. घरी येताना रिक्षात मी हे त्यांना तीनदा सांगितलं.

२२ एप्रिल
वन्सं निघाल्या. महिन्याचं ठरलं होतं. काम निघालं म्हणाल्या. कसलं ते नीट कळलं नाही, मी खोदून विचारलं तरी. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, बराच वेळ. मीही काही बोलले नाही. जिना उतरेपर्यंत.

२९ एप्रिल
जमलं. वरवंट्याशिवाय. श्वास सोडला, खाली गेले, तोंड मिटून बसले. मनात पहिलं नाव, दुसरं, तिसरं. कोणी मध्ये येईना. चौथ्याला वाटलं, आता वन्सं काही म्हणतील. थांबले. कोणी काही म्हणालं नाही. वर आले.
सरांना सांगितलं. कानात बोळे. घरी यांना सांगितलं. यंत्र बंद. वन्संना फोन केला, दोनदा, मग पुन्हा. उचलत नाहीत, त्यांचाही बिघडला असणार. म्हणून पत्र टाकलं, तिकीट पाच. मजकूर उतरवून ठेवते:

ती. वन्संना सा. न. आपल्यासाठी वेगळी टोपी घेतली आहे, मोठ्या मापाची, केस उपटत नाही. वर्गणी मुलगा भरतो म्हणतो. आपण तळाशी बसावं, मी काठावर बसेन. काठावर मी बोलते ते खाली अजिबात ऐकू येत नाही, मी स्वतः जाऊन खात्री केली आहे. केव्हा येताय ते उलट टपाली कळवावं.