गुरुवारची लिस्ट

शुक्र. ७ नोव्हें. २००८, दुबई
०–३ हरलो. त्यातले दोन गोल दत्तारामच्या पायांमधून. आमचा गोलकीपर, गुहागरचा, साइटवर शटरिंगचा सुतार. म्हणे, "सायब, उन डोल्यात आला." ऊन आमच्या पाठीमागे होतं.
इथल्या मराठी मंडळाला स्मरणिकेसाठी आमच्या करवीर-कोकण क्लबचा इतिहास हवाय. काय लिहू? २००३. मी कोल्हापूरचा म्हणून कंपनीच्या कॅम्पमागे फुटबॉल नेला, पोरं कोकणातली म्हणून क्रिकेट खेळायला आली. बॅट एकच होती, ती मोडली. झाली स्थापना. पाच वर्षांत कप एक, तोही शिस्तीचा.

सोम. २९ डिसें.
टॉवरची साइट बंद पडून दीड महिना. लीगही थांबलेली. शेजारच्या कॅम्पात मेसच्या दारावर नावं लावली म्हणतात, दुसऱ्या दिवशी व्हिसा कॅन्सल. सुनंदाने जेवताना विचारलं, "तुमचं तरी नीट आहे ना?" आहे म्हटलं. एच.आर.मध्ये बसून मलाच काही कळत नाही, हे तिला कसं सांगायचं.

गुरु. ८ जाने. २००९
लीग उद्यापासून सुरू! संध्याकाळी मेसच्या दारावर लिस्ट लावून आलो. अकरा आणि चार राखीव. नेहमीसारखी कंपनीच्याच कागदावर, नावापुढे कार्ड नंबर, कारण संतोष तीन आहेत.

शुक्र. ९ जाने.
सकाळी मैदानावर चिटपाखरू नाही. कॅम्पवर गेलो तर पंधराच्या पंधरा जण बॅगा भरतायत. लांबट संतोषने टीव्ही विकून टाकलेला. वर 'शुक्रवारचा संघ' लिहायचं राहिलं होतं. पाच वर्षांत कधी लिहिलंच नाही, सगळ्यांना माहीत असतं म्हणून.
दत्ताराम बॅगेवर बसलेला. "सायब, माजाच नाव पयला?"
अरे, गोलकीपरचं नाव पहिलंच असतं! सगळे हसले, मला पाठीत गुद्दे घातले. हा नाही हसला. त्याने कालच घरी फोन करून बहिणीचं लग्न पुढे ढकलायला सांगितलं होतं. वडील मुलाकडच्यांना सांगूनही आले.
म्हटलं, आत्ता फोन कर, चूक झाली म्हणून सांग. नोकरी आहे.
"तुमी सांगता म्हंजे पक्का ना?"
"पक्कं."
कशाच्या जोरावर बोललो?
(मॅच न खेळताच हरलो. वॉकओव्हर.)

मंगळ. १३ जाने.
दत्ताराम ऑफिसात आला. मुलाकडच्यांनी ऐकलं, तारीख तीच. वडील वाडीभर सांगत सुटलेत, साहेबांनी शब्द दिलाय. मला चहा पाजून गेला.

रवि. १८ जाने.
मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. शटरिंगचे अठरा आहेत, तीन ठेवायचे. पंधरा नावं गुरुवारपर्यंत.
मी? "तुम तो लड़कों को जानते हो. टीम तुम ही निकालते हो ना?"
अर्ध्या पगारावर ठेवू, दुसऱ्या साइटला पाठवू, सगळं बोलून झालं. दुसरी साइटच नाही. "खलास, भाई. नहीं तो तुम्हारा नाम डालूँ?" असं हसत म्हणाला. मीही हसलो. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

सोम. १९ जाने.
अठरापैकी अकरा माझ्या संघातले. जुने ठेवावेत तर दत्ताराम सहावा. काम बघावं तर चौथा. कसंही मोजलं तरी पहिल्या तिघांत येत नाही. त्याला ठेवला तर लांबट संतोष जातो, आणि संतोषला तर महिन्यापूर्वी जुळी झालीत.

बुध. २१ जाने.
शेवटी सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "शब्द द्यायलाच नको होता तुम्ही." मग भाजी निवडायला घेतली. लेक मध्येच म्हणाली, "बाबा, जस्ट कीप द बेस्ट प्लेयर्स." तसं केलं तर दत्ताराम सगळ्यांच्या आधी जाईल.

गुरु. २२ जाने.
दोन लिस्टा टाइप करायच्या होत्या. उद्याच्या मॅचची आधी केली. वर ठळक, अधोरेखित: शुक्रवारचा संघ. कॅम्पवर नेऊन लावली. दत्तारामने मोठ्याने वाचली, मागे वळून ओरडला, "टीमचीच हाय रे!" हशा पिकला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "सायब, पत्रिका छापायला दिली. बापूसनी निमंत्रकांत तुमचा नाव घातलाय, आमच्या घरच्यांबरोबर."
बरं, असं काहीतरी म्हटलं असेन.
परत ऑफिसात. चौदा नावं झालीत. मॅनेजर आत्ताच डोकावून गेला. एक बाकी है, म्हटलं.