दहा मीटरच्या आत

मंगळवार, ५ मार्च २०२४

सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. वेळ आधी लिहून ठेवते. शाळेत मदर इनेस शिकवायच्या — तक्रारीत तारीख आणि वेळ पहिली. भावना शेवटी, जागा उरली तर.

लिमाहून वेधशाळेच्या डॉक्टर व्हियाफुएर्तेचा फोन. वय चौतीस, आवाज साखरेत घोळलेला. "सेन्योरा होर्तेन्सिया, चोसिकाचं केंद्र यादीतून काढलंय. नोंदी खराब आहेत."

चोसिकाचं केंद्र म्हणजे माझी गच्ची! वेधशाळेत एकोणतीस वर्षं नोंदी काढल्या. निवृत्त झाले तेव्हा वेधशाळेनंच अँटेना आणून बसवली. त्याला अकरा वर्षं झाली. उपग्रहांचे संदेश वरच्या हवेतून खाली येतात. आमच्याकडे सूर्य बुडाला की ती हवा फेसाळते आणि संदेश थरथरतात. ती थरथर मोजायची, एवढंच काम. आदल्या संध्याकाळची नोंद रोज सकाळी वहीत. एक दिवस चुकला नाही. नोव्हेंबरात नवऱ्याला, अबेलार्दोला पुरलं, त्या सकाळीसुद्धा नाही.

"खराब म्हणजे काय?"

"थरथर फार आहे."

थरथर फार आहे! मग मोजायचं काय, माझा रक्तदाब?

"आणि फोटोत लोखंडी टाकी दिसतेय, सेन्योरा. अँटेनापासून दहा मीटरच्या आत. संदेश तिच्यावर आपटून उलटत असणार."

अबेलार्दोची टाकी.

बुधवार, ६ मार्च

राग आहे. बरं वाटलं. चार महिन्यांत मनात दुसरं काही आलेलंच नाही.

शुक्रवार, ८ मार्च

दोन दिवस वह्यांत डोकं घातलं. हिशेब साधा आहे. उपग्रह रोज चार मिनिटं आधी त्याच जागी येतो. दोष टाकीचा असता तर थरथरही रोज चार मिनिटं आधी आली असती, कामावर येणाऱ्या कारकुनासारखी. चाळीस संध्याकाळी तपासल्या. ती मनाला येईल तेव्हा येते. कधी येतच नाही. म्हणजे ती आभाळातली आहे, गच्चीवरची नाही.

तक्ता करून पाठवला. मग उकडलेलं रताळं उभ्यानेच खाल्लं. चव कशी होती, सांगता यायचं नाही.

सोमवार, ११ मार्च

त्याचा फोन. "तक्ता सुंदर आहे, सेन्योरा! पण अर्जात चौकट आहे ना. दहा मीटरच्या आत धातूची वस्तू: हो की नाही. 'नाही' झालं की केंद्र लगेच चालू. टाकी काय, कुणीही हलवेल!"

तक्ता वाचलाच नाहीये त्यानं.

शेजारची सोयला पायरीवर मटार सोलत होती. तिला सांगितलं. म्हणाली, "काढून टाक गं! प्लास्टिकची घे, निळी. अबेलार्दो काय वरून टाक्या मोजत बसलाय?"

"लोखंड चांगलं आहे अजून."

"तूही आहेस. तुला कोण गच्चीवर ठेवतंय?"

हसायला हवं होतं.

गुरुवार, १४ मार्च

टाकी की केंद्र? केंद्र गेलं तर सकाळी उठायचं कशाला, ते मला माहीत नाही. लोखंडकाम करणाऱ्या पोलीला निरोप दिला.

शनिवार, १६ मार्च

पोली दोन पुतण्यांना घेऊन आला. टाकी जिन्याच्या दारातून निघेना. निघणार कशी! अबेलार्दोनं रेल्वेच्या कारखान्यातले पत्रे एकेक करून वर नेले होते आणि टाकी गच्चीवरच जोडली होती. नळ सकाळी दोनच तास येतो; मी बादल्या वाहू नयेत म्हणून केली.

"कापावी लागेल, दोन्या होर्तेन्सिया," पोली म्हणाला. टोपी काढून उभा राहिला.

"काप."

ग्राइंडर तीन तास ओरडत होतं. आत पायऱ्या निघाल्या. एकमेकींच्या अगदी जवळ बसवलेल्या. माझे पाय आखूड आहेत. टाकी मात्र दर वर्षी तोच घासायचा. मला कधी आत उतरू दिलं नाही. मग पायऱ्या कुणासाठी केल्या? माझ्यासाठी — तो गेल्यावर.

सोयलानं कोंबडीचं सूप पाठवलं. प्यायले असावे. वाडगा रिकामा आहे.

रविवार, १७ मार्च

चार बादल्या.

बुधवार, २० मार्च

रविवार, सोमवार, मंगळवार, तिन्ही संध्याकाळच्या नोंदी जुन्यांशेजारी मांडल्या. थरथर आहे. तेवढीच. केसभरही कमी नाही.

माझं बरोबर होतं. वाक्य दोनदा वाचलं. काही झालं नाही.

गुरुवार, २१ मार्च

"अभिनंदन, सेन्योरा!" डॉक्टर. "केंद्र सकाळीच चालू केलं. बघा, किती सोपं होतं!"

"थरथर तशीच आहे, डॉक्टर."

"असू दे हो! चौकट आता स्वच्छ आहे."

शुक्रवार, २२ मार्च

आज वही भरली नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्याऐवजी पत्र लिहिलं. नक्कल इथे ठेवते:

"डॉक्टर, केंद्र चालू केल्याबद्दल आभार मानणार नाही. मला एकच ओळ हवी आहे, शिक्क्यानिशी: चोसिकाच्या गच्चीवर अबेलार्दो किस्पे यांनी बांधलेल्या टाकीचा काहीही दोष नव्हता. मंगळवार, २६ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांपर्यंत लेखी उत्तर पोचलं पाहिजे. नाही पोचलं तर अँटेनाही धातूचीच आहे, आणि दहा मीटरच्या आतच आहे. पोलीचं ग्राइंडर अजून माझ्या जिन्यात आहे."