आठव्या लेनची भिंत

प्रिय दादा,

दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या भावाला पत्र लिहायचं म्हणजे हसण्यासारखंच आहे. पण समोर आलो की मी वाद घालणार, तू चष्मा पुसत बसणार आणि वहिनी मधे चहा आणून ठेवणार, हे ठरलेलं. कागदावर निदान मधेच कोणी तोडत नाही. वहिनींचा गुडघा आता बरा आहे, असं आमच्या हिच्याकडून कळलं. आपण दोघांनी बोलणं टाकलं तरी या जावांनी टाकलं नाही. आपल्या घरातलं शहाणपण कुठल्या बाजूला गेलंय, ते दिसतंच आहे.

पोहण्याच्या तलावाच्या फरश्या नव्याने बसवल्या. काम बरं झालंय, फक्त उथळ बाजूची एक ओळ केसभर तिरकी आहे. कोणाला दिसत नाही, मला रोज दिसते. तिथून जाताना तुम्हा वेळ घेणाऱ्यांची जुनी रांग आठवते. प्रत्येक लेनच्या टोकाला एक टायमर, गळ्यात घड्याळ, अंगठा बटणावर. तू नेहमी आठवी लेन मागून घ्यायचास. मी हसायचो, तेव्हा म्हणालास, ‘मधल्या पोरांकडे सगळं गाव बघतं रे खटपट्या. कडेच्याकडे कोणीतरी बघायला नको का?’

मग मी यंत्र आणलं. लेनच्या टोकाला भिंतीवर पॅड, पोहणाऱ्याचा हात टेकला की बोर्डावरचं घड्याळ थांबतं. वायरी कशा जोडायच्या, पॅड कसं तपासायचं, सगळं पुस्तिका वाचून, शब्दकोश मांडीवर घेऊन एकट्याने शिकलो. हे मी चार माणसांत सांगतोच, तुला तर पाठ असेल. आणि दादा, यंत्र आणलं ते चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. समितीच्या चिटणिसांचा भाचा पोहायचा तेव्हा त्याच्या लेनच्या टायमरचा अंगठा कसा घाईला यायचा, ते तू आणि मी दोघांनी पाहिलंय. पॅडला ना काका ना मामा. तो भाचा पुढच्याच वर्षी सहावा आला, आणि मी घरी येऊन दोन वाट्या भात जास्त जेवलो.

चुकलं ते पुढे. पॅड झिजत गेली. समितीने नवीन मागवली ती चारच. ती कुठे लावायची हे मला कोणी सांगितलं नव्हतं, ठरवलं मीच. प्राथमिक फेरीत जोरात पोहलेल्यांना अंतिम फेरीत मधल्या लेन मिळतात, निकाल तिथेच लागतो, म्हणून नवी तिथे. कडेच्या लेनना जुनी, मी रबर चिकटवून दुरुस्त केलेली. मदतनीस म्हणाला, ‘साहेब, आठवं जरा दडस लागतंय, जोर लावून दाबावं लागतं.’ मी म्हणालो, ‘तिथून कुठं कोण जिंकायला बसलंय!’

गेल्या रविवारी संघनिवडीची शर्यत झाली, थेट एकच फेरी. पहिल्या दोन मुली संघात जाणार होत्या. आठव्या लेनमध्ये एक बारकीशी मुलगी होती. कालव्यात पोहायला शिकलेली, बरोबर शाळेचे खेळाचे मास्तर. तिने जन्मात पॅड पाहिलं नव्हतं. आमच्या तलावावरची पोरं रोज त्याच पॅडवर हात आपटून सराव करतात. कुठे दाबलं की लगेच लागतं, हे त्यांच्या तळव्यांना ठाऊक असतं. ही पोचली, बोटं टेकवली, चष्मा वर केला, बोर्डाकडे पाहिलं. तिचं घड्याळ पळतच होतं. गोंधळून तिने पुन्हा पूर्ण तळवा दाबला, तेव्हा कुठे ते थांबलं. बोर्डावर ती चौथी.

मास्तर माझ्याकडे धावत आले. लोक बघत होते. मी त्या मुलीला म्हणालो, ‘यंत्र खोटं बोलत नाही, बाळ. जोरात टेकायला शिक.’ ती म्हणाली, ‘हो काका.’ वाद नाही, रडणं नाही. टॉवेल उचलला आणि गेली. ते ‘हो काका’ तेव्हापासून माझ्या मागे लागलंय.

दुसऱ्या दिवशी ते पॅड काढून बाकावर ठेवलं आणि बोटाने दाबत गेलो. मधे ठीक होतं. कडेला, जिथे मी रबर चिकटवलं होतं तिथे, बोटांना दादच देत नव्हतं. माझंच काम. तसाच उठून समितीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. चिटणीस म्हणाले, ‘पॅड नादुरुस्त होतं हे तुम्ही लिहून द्याल हो, पण पोरगी कधी पोचली हे आता भिंत सांगणार का?’ पालकांचे मोबाइल मागवले. प्रत्येकात मधल्याच लेन. आणि हाताने वेळ घेणारा एकही टायमर काठावर नव्हता, कारण त्या सगळ्यांना मीच घरी बसवलं होतं. टायमर बंद करायचं ठरलं त्या बैठकीत ‘आमच्या दादाचा अंगठा आता जडावलाय’ असं म्हणून मी सगळ्यांना हसवलं होतं. तूही हसलास. मग घड्याळ खिशात टाकून निघून गेलास, ते परत काठावर आलाच नाहीस.

पण रविवारी तू आला होतास. शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून, उजवा हात विजारीच्या खिशात. खोटं कशाला बोलू, शर्यतीकडे माझं अर्धंच लक्ष होतं. उरलेलं तुझ्याकडे. आठव्या लेनची पोरगी पोचली तेव्हा तुझा खांदा किंचित हलला. बोर्डाच्या आधी. तो खांदा मी लहानपणापासून ओळखतो, घड्याळाचं बटण दाबताना तो असाच हलतो. आकडा उतरवल्याशिवाय घड्याळ शून्यावर न्यायचं नाही, हा तुझाच नियम. तो आकडा कागदावर उतरला असेल किंवा काटे अजून तिथेच असतील, तर बुधवारी सकाळी समितीपुढे येशील का? मान्यताप्राप्त टायमरांमध्ये तुझं नाव अजून आहे. ते काढायचं काम माझ्याकडे होतं, माझ्याने झालं नाही. ती दुसरी आली असेल तर संघात जाईल. चौथीच असेल तर तेही तुझ्या तोंडून कळू दे. आपल्याकडे कोणीतरी बघत होतं, एवढं तरी तिला कळेल. माझं तोंड बघायचं नसेल तर मी बाहेर उभा राहीन. आठवी लेन तुझीच होती, दादा.

अजूनही तुझाच म्हणवून घेणारा,
खटपट्या